टेमगिरे मॅडमचा गुरुवार

आमच्या कंपनीत नवीन ड्रॉइंग आलं की वेल्डिंग शॉपच्या सुपरवायझरच्या मोबाईलवर आपोआप एक प्रश्न येतो: 'जुनं फाडलं का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. नमस्कार नाही, कृपया नाही. मागच्या महिन्यात क्वालिटी विभागात रुजू झालेल्या एका मुलीने मला विचारलं, की इतकं उर्मट वाक्य कोणत्या सॉफ्टवेअरवाल्याने लिहिलं. मी म्हणालो, सॉफ्टवेअरवाल्याने नाही, टेमगिरे मॅडमनी. त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली. ती मुलगी 'अच्छा' म्हणून निघून गेली. मला मात्र दिवसभर मॅडम आठवत राहिल्या.

आमची कंपनी चाकणला आहे. रस्ते आणि खाणीच्या कामाची मोठी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना आम्ही लोखंडी ब्रॅकेट करून देतो. मी तिथे कॉस्टिंग बघतो. मॅडम कस्टमरचा पत्रव्यवहार बघायच्या, म्हणजे बाहेरून येणारा प्रत्येक मेल आधी त्यांच्याकडे यायचा. त्यांचं टेबल जिन्याच्या तोंडाशी होतं आणि ते त्यांनी मुद्दाम मागून घेतलं होतं, कारण खाली शॉपवर जाणारा-येणारा प्रत्येक माणूस तिथून दिसे. मूळच्या खेड तालुक्यातल्या, सासर चिंचवड गावठाणात. बोलणं ऑफिसला शोभेल असं, पण राग आला की माहेरची भाषा वर यायची. 'न्हाई' आणि 'व्हय' ऐकू आलं की आम्ही आपापल्या स्क्रीनकडे बघायचो. साडीखाली त्या सेफ्टी शूज घालत. शॉपवर चप्पल चालत नाही आणि दिवसातून कितीदा खाली जावं लागेल याचा नेम नाही, म्हणून सकाळी घरातूनच ते काळे बूट घालून निघायच्या. चिखलीच्या थांब्यावर मी कंपनीच्या बसमध्ये चढलो की पहिल्यांदा ते बूट दिसायचे, मग मॅडम.

मेल पुढे पाठवणं हे त्यांच्या लेखी स्वतंत्र काम होतं. मी एकदा हिशेब केला होता. दिवसाला साठ-सत्तर मेल येत आणि त्यातल्या जेमतेम वीसांना कामाची फाइल जोडलेली असे. कुठे सुधारलेलं ड्रॉइंग, कुठे महिन्याचं शेड्यूल, कुठे पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट. ती फाइल योग्य माणसाकडे पोचवायची, एवढंच काम. दुसरा कोणी असता तर त्याने फॉरवर्डचं बटण दाबलं असतं. मॅडम आधी खालचा जुना मजकूर सगळा पुसायच्या. कस्टमरच्या दोन विभागांची आपापसातली भांडणं त्या मेलच्या शेपटीत लोंबत असत. "दुसऱ्याच्या घरातली भांडणं आपल्या वेल्डरने कशाला वाचायची?" असं त्या म्हणत. त्यांच्या रजेत एकदा दुसऱ्या एकाने शेपूट न कापता मेल आमच्या ब्रॅकेटना मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्याला पाठवला. त्याच्याविषयी आम्ही कस्टमरला काय लिहिलं होतं ते त्याने निवांत वाचलं, आणि आठ दिवस आमचा माल त्याच्या दारात पडून राहिला. रजेवरून आल्यावर मॅडम स्वतः त्याच्याकडे जाऊन चहा पिऊन आल्या, तेव्हा गाडी रुळावर आली.

शेपूट कापून झालं की त्या वर एक ओळ लिहायच्या. ती ज्याला पाठवायची त्याच्यासाठीच असे. 'सोनवणे भाऊ, चौथं भोक सरकलंय, मागच्या वेळेसारखं बघितल्यासारखं करू नका.' किंवा 'स्टोअर, हे सर्टिफिकेट गाडीबरोबर गेलं नाही तर गाडी कस्टमरच्या गेटवर उभी राहील आणि ड्रायव्हर मला फोन करेल, तुम्हाला नाही.' ड्रॉइंग बदललं असेल तर थोड्या वेळाने बूट वाजवत खाली जायच्या. शॉपच्या फळ्यावरचं जुनं ड्रॉइंग सुपरवायझरने त्यांच्यासमोर फाडायचं, असा रिवाज होता. बाकीच्या कंपन्यांत जुन्या कागदावर रद्दचा शिक्का मारतात. मॅडमचा शिक्क्यावर विश्वास नव्हता. शिक्का मारलेला कागदही माणूस सवयीने वाचतो, फाटलेला वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता गुरुवारचं सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. बाकीचं जग रविवारी थांबतं. आमचे मोठे कस्टमर परराज्यांतले, त्यामुळे गुरुवारी आमच्या गेटला कुलूप आणि त्यांच्याकडे भर कामाचा दिवस. मेल येतच राहायचे. मॅडम मग घरच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायच्या. त्यांचे मिस्टर, ज्यांना आम्ही टेमगिरे काका म्हणतो, एका कारखान्यातून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. ते मला म्हणाले होते, "सहा दिवस ही कंपनीत जाते आणि गुरुवारी कंपनी आमच्याकडे येते." तक्रारीचा सूर नव्हता, पण टेबलाच्या एका कडेला बसून ते एकटे जेवत असणार हे मला दिसलं.

डोळ्याचं कळलं ते एका भांडणातून. एका कस्टमरच्या ड्रॉइंगमधली उभी रेघ मॅडमना मधोमध वाकडी दिसली. त्यांनी तिकडच्या डिझायनरला फोन करून सुनावलं, की तुमची मुलं झोपेत ड्रॉइंग काढतात का. त्याने बिचाऱ्याने तेच ड्रॉइंग पुन्हा पाठवलं. रेघ वाकडीच. मॅडमनी प्रिंट काढून माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "काळे, तुम्ही सांगा." मी पट्टी लावून बघितली, रेघ सरळ होती. त्यांनी माझ्या हातातून पट्टी घेतली, स्वतः लावली, आणि मग एक डोळा झाकला. दुसरा झाकला. पुन्हा पहिला झाकला. नंतर खुर्चीवर बसल्या आणि डिझायनरला फोन लावून माफी मागितली.

उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध बारीक भोक पडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनला जितका उशीर तितकी नजर परत येण्याची आशा कमी. ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो बुडबुडा भोकावर टेकून राहावा म्हणून पेशंटने आठवडाभर पालथं झोपायचं, चेहरा जमिनीकडे, उठायचं ते जेवणाला आणि बाथरूमला, तेही मान खाली घालून. त्यानंतर महिनाभर स्क्रीन बंद. मॅडम म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू. तेव्हा चैत्र चालू होता.

काका माझ्याकडे आले ते पहिल्यांदाच. चिखलीत आमच्या घरी, हातात डॉक्टरांचे रिपोर्ट. म्हणाले, "ती डोळ्याला भीत नाही हो, मेलला भिते. तुमचं ऐकेल." मी साहेबांकडे, म्हणजे आमच्या मालकांकडे गेलो. त्यांनी मॅडमच्या जागी महिन्यापुरती दोन माणसं आलटूनपालटून बसवून बघितली. मॅडम त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहून चुका काढू लागल्या, आणि दोघांनीही चार दिवसांत ते काम नको म्हणून सांगितलं.

मग साहेबांनाच आठवलं, की ऑफिससाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असं एक साधन आहे, ज्यात कोड लिहावा लागत नाही. चौकोन जोडत जायचे. मेल आला तर, पाठवणारा अमुक असेल तर, जोडलेली फाइल अमुक प्रकारची असेल तर, तमक्याला पाठव. मॅडमनी ते साधन पहिल्या दिवशी संशयाने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ताब्यात घेतलं. बारीक अक्षर मी वाचून दाखवायचो, चौकोन त्या सांगायच्या. त्यांचं मत झालं, "हा नवीन लागलेल्या शिपायासारखा आहे. सांगू तेवढंच करणार आणि उलट विचारणार नाही. म्हणजे चूक झाली तर ती आपल्याच सांगण्यात."

चूक झालीच. त्यांनी पहिला नियम असा केला होता, की ठरावीक कस्टमरच्या मेलला काहीही जोडलेलं असलं तरी ते वेल्डिंग शॉपला जावं आणि तिथल्या प्रिंटरवर छापलं जावं. दुपारी सोनवणे वर आले. सोनवणे वेल्डिंग शॉपचे सुपरवायझर, लातूरकडचे, बोलायला मऊ. त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता.

"मॅडम, झाडं लई यायलीत."

आम्ही बघितलं. प्रत्येक मेलच्या तळाशी पाठवणाऱ्याच्या सहीबरोबर एक लहानसं हिरवं झाड असतं आणि शेजारी लिहिलेलं असतं, की पर्यावरणाचा विचार करा, हा मेल छापू नका. आमचा शिपाई ते झाडही जोडलेली फाइल समजला होता आणि त्याने प्रत्येक झाड पूर्ण पानावर छापलं होतं. बरोबर कंपन्यांचे लोगो. एका मॅनेजरच्या सहीतला त्याचा स्वतःचा फोटोही होता.

"ह्या साहेबांना कुठं चिकटवू?" सोनवणेंनी विचारलं.

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग लगेच थांबल्या, कारण डॉक्टरांनी डोळा चोळू नका म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी नियम बदलला: फक्त पीडीएफ, आणि फाइलच्या नावात ड्रॉइंग नंबर असेल तरच. एक कस्टमर ड्रॉइंगचा मोबाईलवर फोटो काढून पाठवायचा. त्याच्यासाठी नियम वाकवायला त्यांनी नकार दिला. त्यालाच फोन केला, आणि तो पीडीएफ पाठवू लागला.

झाडं थांबली, पण दुसरी अडचण निघाली. फाइल बिनचूक पोचत होती आणि कोणी वाचत नव्हतं. सोनवणे म्हणाले ते मला पटलं. आधी मॅडमची ओळ आली की हातातलं काम टाकून वाचावी लागायची. आता येतं ते बँकेच्या मेसेजसारखं, वाचलं काय न वाचलं काय. संध्याकाळी बसमध्ये मॅडम म्हणाल्या, "मी पाठवते ती फाइल नसते काळे, मी धाक पाठवते. त्याचा चौकोन मिळतो का बघू." मिळाला. साधनात मंजुरी मागायची सोय होती. म्हणून तो प्रश्न आला, 'जुनं फाडलं का?' हो दाबेपर्यंत दर अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. आणि रोज संध्याकाळी काय आलं, कोणाकडे गेलं, हो कधी दाबलं, याचा गोषवारा माझ्याकडे.

एवढं झाल्यावर मॅडमनी ऑपरेशनची तारीख घेतली. सोमवारी ऑपरेशन झालं, मंगळवारी घरी आल्या. मी भेटायला गेलो तेव्हा पलंगावर पालथ्या होत्या. उशीला मधोमध खाच होती, चेहरा त्या खाचेत. मला फक्त पाठ आणि वेणी दिसत होती. पलंगाखाली फरशीवर, त्यांच्या तोंडाच्या बरोबर खाली, फोन स्पीकरवर ठेवलेला असायचा. रोज संध्याकाळी मी गोषवारा वाचून दाखवायचा असं ठरलं होतं. काकांवर त्यांचा भरवसा नव्हता, ते मधले शब्द गाळून वाचतात म्हणे. काका कोपऱ्यात मोसंबी सोलत होते. "गाळतोच," ते म्हणाले. "नाहीतर तू उठून बसशील."

गुरुवारी संध्याकाळी मी घरूनच फोन लावला. सुट्टी असल्यामुळे गोषवारा लहान होता. एका मोठ्या कस्टमरकडून सकाळी एक सुधारलेलं ड्रॉइंग आलं होतं: ब्रॅकेटवर जो नट वेल्ड करतो तो आतल्या बाजूऐवजी बाहेरच्या बाजूला घ्यायचा. ते सोनवणेंकडे गेलं. जुनं फाडलं का? हो. मी पुढच्या ओळीकडे वळलो.

"हो कधी म्हणाला?" मॅडमनी फोनमधून विचारलं.

"दुपारी. जेवणाच्या सुमारास."

मग आवाज आला तो खेड तालुक्यातला.

"आज बेस्तरवार हाय ना? कंपनीला कुलूप. फळा आत हाय. मग ह्यानं फाडलं काय, आपलं पंचांग?"

ते ब्रॅकेट शुक्रवारी पहिल्या शिफ्टलाच लागणार होते. जुन्या ड्रॉइंगप्रमाणे नट आतून वेल्ड झाला असता तर अख्खा लॉट भंगारात गेला असता. पण फोनवर मला दुसरंच काही ऐकू आलं, पलंग करकरल्याचं, आणि काकांचा आवाज. एरवी कधी चढत नाही तो चढला होता.

"उठायचं नाही. मान वर केलीस तर मी तो लॅपटॉप पवनेच्या पाण्यात टाकीन."

"सोड मला. लॉट जाईल."

"लॉट जाऊ दे. तो पुन्हा करता येईल, डोळा नाही."

मी फोनमध्ये तोंड घालून जवळजवळ ओरडलोच, की मॅडम, मी बघतो, तुम्ही हलू नका. माझ्यावर त्यांचा विश्वास किती हे मला माहीत नव्हतं. पलंग पुन्हा करकरला आणि शांत झाला. "बघा," त्या म्हणाल्या. "आणि मला कळवा. वाचून नाही, ऐकवा."

सोनवणेंना फोन लावला तर मागे सनई वाजत होती. आळंदीला मेव्हण्याचं लग्न होतं. "काळे साहेब, पंगतीत वाढायलो होतो," ते म्हणाले. "हातात जिलबीचं ताट, अन् फोन अर्ध्या अर्ध्या तासाला वाजायलाय. बायको डोळे वटारायलीय. हो दाबलं." मग त्यांना स्वतःलाच समजलं आणि आवाज खाली गेला. "सकाळी येतोच मी. मॅडमला काही बोलू नका."

मी शुक्रवारी पहिल्या शिफ्टच्या बसने गेलो. सोनवणे माझ्या आधी पोचले होते. अंगावर लग्नातलाच नवा शर्ट, हातात फळ्यावरून काढलेलं जुनं ड्रॉइंग, अजून अख्खं. मशीन बंद, वेल्डर बाजूला उभे. मी विचारलं, फाडलं का नाही? ते म्हणाले, "मॅडमसमोर फाडायचं असतंय."

मी फोन लावला. काकांनी तो फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. सोनवणेंनी माझा फोन एका वेल्डरच्या हातात दिला, कागद फोनच्या अगदी जवळ नेला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश फाडला. शॉपमध्ये तेवढाच आवाज होता.

"ऐकू आलं का मॅडम?"

"आलं. आता आडवं फाडा."

त्यांनी आडवं फाडलं.

"अजून एकदा. आणि सोनवणे भाऊ, लग्न कसं झालं?"

"झालं मॅडम, नीट झालं," सोनवणे म्हणाले आणि बाहीने तोंड पुसलं. नवीन ड्रॉइंग फळ्यावर लागलं, वेल्डिंगची पहिली ठिणगी पडली. पहिला ब्रॅकेट मी हातात घेऊन बघितला. नट बाहेरच्या बाजूला होता. काका नंतर म्हणाले, फोन बंद झाल्यावर तिने उपमा मागितला, खाल्ला, आणि दुपारपर्यंत त्या खाचेत तोंड घालून अशी झोपली, की श्वास चालू आहे ना ते मी वाकून बघितलं.

त्याच संध्याकाळी मॅडमनी मला नवा चौकोन सांगितला. गुरुवारी आलेलं काहीही त्याच दिवशी पाठवायचं नाही. धरून ठेवायचं आणि शुक्रवारी शिफ्ट सुरू होण्याच्या आधी सोडायचं. मी म्हणालो, एक दिवस वाया जातो. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. सुट्टीच्या दिवशी माणूस हो म्हणतो तो सुटका व्हावी म्हणून." मग म्हणाल्या, "हे मला इतकी वर्षं का कळलं नाही कुणास ठाऊक. मी स्वतः दर गुरुवारी सगळ्यांना विचारत बसायची."

महिनाभराने त्या कामावर आल्या तेव्हा त्यांच्यासाठी फारसं काही साठलं नव्हतं. आल्या दिवशी त्यांनी प्रत्येक नियम तपासला आणि कशालाही हात लावला नाही. पुढे निवृत्तीपर्यंत गुरुवारी त्यांचा एकही मेल आला नाही.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी डॉक्टरांनी शेवटची तपासणी ठेवली होती. सुट्टीचा दिवस होता, मी माझ्या गाडीने दोघांना घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, भोक बंद आहे, नजर पूर्वीइतकी नाही पण जवळपास परत आली आहे, पुन्हा यायची गरज नाही. काकांनी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. दोघांना पुढे बहिणीकडे जायचं होतं म्हणून त्यांनी मला परत पाठवलं आणि रिक्षा थांबवली. सिग्नलला माझी गाडी त्यांच्या रिक्षाच्या शेजारीच होती, काच खाली. मॅडमनी चांगला डोळा तळहाताने झाकला होता आणि उजव्या डोळ्याने रस्त्यापलीकडच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या. पलीकडचा रिक्षावालाही ऐकत होता.

"सिमेंटचे पत्रे मिळतील. दुसरा मजला भाड्याने देणे आहे, फक्त फॅमिली. मिक्सर दुरुस्ती. लहान मुलांचे ड्रेस, एकच भाव."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. काका रिक्षावाल्याला म्हणाले, चला.

"थांबा ओ," मॅडम म्हणाल्या, "खालचा फोन नंबर राहिलाय."